‘आमचें भुरगें’ : पण केव्हापासून?

हिंदू घरात जन्मलेले मूल ख्रिस्ती दांपत्याच्या, त्यातही परदेशी ख्रिस्ती दांपत्याच्या ओटीत घालू नये, असा आग्रह आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांतून हल्ली पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. येथे डिंडोलीत मराठी वस्ती मुख्यतः खानदेशातून पोटामागे सुरतेला आलेल्या लोकांची. कोकणी बोलणारी घरे मोजकीच. पण आरती आटोपल्यावर चार मंडळी कट्ट्यावर टेकली आणि अमुक आश्रमातली मुलगी अमेरिकेतल्या कोणा धर्मोपदेशकाच्या घरी दत्तक गेली अशी बातमी निघाली, की खानदेशी आणि कोकणी ह्यांचे तत्काळ एकमत होते. ‘आमचें भुरगें आमकां जाय’ असे एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्या. पुढची पायरी ठरावाची. ठराव, निवेदन, सह्या.

वकिलाला एक वाईट खोड असते. कोणी ‘माझे’ म्हटले की तो विचारतो, केव्हापासून? दावा लावणाऱ्याने कबजा कधी घेतला, वहिवाट किती वर्षांची, हे त्याला सांगावे लागते. मूल ही मालमत्ता नव्हे हे मी जाणतो. पण दावा जर मालकीच्याच भाषेत मांडला जात असेल, तर उलटतपासणीही त्याच भाषेत झालेली बरी.

प्रथम दावेदाराच्या बाजूचे जे खरे आहे ते नोंदवून घेऊ. ह्या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या कुलदेवता आज जेथे आहेत तेथे त्या मुळात नव्हत्या. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. देव हलविण्याची कारणे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. पण त्या कारणांतले एक कारण मुलांचे होते, ते सांगायचे राहून जाते. १५५९ च्या मार्च महिन्यात पोर्तुगालच्या राजाच्या नावे हुकूम निघाला की, ज्या हिंदू मुलाला आई, बाप, आजा, आजी कोणीही उरलेले नाही आणि ज्याला अजून समज आलेली नाही, ते मूल गोव्यातील सेंट पॉलच्या पाठशाळेच्या पाद्र्यांच्या हवाली करावे, त्याचा बाप्तिस्मा करावा आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावे. पुढे व्याख्या रुंदावत गेली. आई जिवंत असली तरी बाप मेला की मूल ‘अनाथ’ ठरू लागले. चुलते-मामे घरात असताना, अन्न असताना, माया असताना मूल उचलून न्यायचे, आणि त्याला धर्मकार्य म्हणायचे! त्या काळी रातोरात खाडी ओलांडून अंत्रुजात गेलेल्या होड्यांत देवांच्या मूर्तींबरोबर भावाची पोरकी मुलेही होती. ही आठवण आपल्या हाडांत आहे. आजही एखादा पाद्री अनाथाच्या डोक्यावर हात ठेवताना दिसला की आपल्याला तो हात मायेचा न वाटता जप्तीचा वाटतो. ह्यात आपला दोष नाही.

परंतु ह्याच हकीकतीतला दुसरा भाग मुकाट्याने वगळला जातो. त्या होडीत बसलेल्या चुलत्याला ‘आमचें भुरगें’ म्हणण्याचा हक्क होता, कारण भुरगें त्याच्या मांडीवर होते. आजच्या ठरावावर सही करणाऱ्याच्या मांडीवर कोण आहे? सरकारी रुग्णालयाच्या पायरीवर, रेल्वेच्या डब्यात, देवळाच्या ओवरीत सापडलेल्या मुलाच्या अंगावर जानवे नसते की गळ्यात क्रूस नसतो. ते हिंदू आहे हे आपले अनुमान. अनुमान बहुधा बरोबरही असेल. पण मग त्याला टाकले कोणी, ह्याचे अनुमानही त्याच हिशेबाने करावे लागेल.

आपल्या शास्त्राकडे वळू, कारण ठरावांत ‘आपल्या परंपरे’चा उल्लेख हमखास असतो. मनूने पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. त्यांत एक ‘अपविद्ध’ आहे : आईबापांनी, किंवा त्यांपैकी एकाने, टाकून दिलेला आणि दुसऱ्याने पुत्र म्हणून स्वीकारलेला. ह्या अपविद्धाला मनूने वारसा सांगणाऱ्या पहिल्या सहा पुत्रांत बसविले आहे, औरसाच्या पंक्तीला. म्हणजे टाकलेले मूल घरात घेणे ही कल्पना आपल्याला कोणा मिशनऱ्याने शिकविलेली नाही. पुढे निबंधकारांनी कलिवर्ज्याची यादी केली आणि औरस व दत्तक एवढे दोन ठेवून बाकीचे पुत्र कलियुगात वर्ज्य ठरविले. अपविद्ध बाहेर गेला. दत्तकाचे सारे शास्त्र ‘देणे’ आणि ‘घेणे’ ह्यांवर उभे राहिले, आणि देण्याचा अधिकार आईबापांचाच. आता जो अनाथ आहे त्याला देणार कोण? इंग्रजी न्यायालयांनीही तोच अर्थ कायम केला. परिणाम असा की, ज्याला आईबाप आहेत तेच मूल दत्तक जाऊ शके. ज्याला नाहीत त्याला दत्तकाचे दार बंद! रूढीने काही जातींत अपवाद असतील. पण ग्रंथांतला कायदा हा होता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीला दत्तकाचा अधिकार दिला आणि आईबाप मेलेल्या मुलाच्या बाबतीत न्यायालयाच्या परवानगीने पालकाला दानाधिकार दिला. टाकलेल्या आणि मातापिता अज्ञात असलेल्या मुलाचा स्पष्ट समावेश व्हायला १९६२ ची दुरुस्ती यावी लागली. आपल्या कायद्याने त्या मुलाला दत्तक जाण्याजोगे मूल म्हणून ओळखले ते तेव्हा.

मुलींच्या बाबतीत तर एक गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. मुली दत्तक घेण्याची रूढी आपल्याकडे एका वर्गात होती; ती देवळांच्या सेवेतील नायकिणींत. कशासाठी घेत, हे देवस्थानच्या वाचकांना मी सांगायला नको. १८८० साली मुंबई उच्च न्यायालयाने मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण ह्या दाव्यात असे दत्तक अवैध ठरविले. परंपरा म्हटली की हेही तीत आले.

आणि टाकलेली मुले येतात कोठून, हे सुरतकरांनी तरी विसरू नये. १८८१ साली ह्याच सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर, लोकलाजेने आपले नवजात अर्भक मारल्याबद्दल, येथल्याच सत्र न्यायालयात खटला चालला. फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होत होत पाच वर्षांवर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर जी चिखलफेक केली, ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे उसळल्या आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून निघाली. ताराबाईंचा प्रश्न साधा होता : त्या अर्भकाचा बाप कोठे आहे? खटल्याच्या कागदांत तो नाही. त्याच्यावर ठराव झाल्याचेही ऐकिवात नाही.

अशी मुले जगविण्याचे काम हिंदूंनी केलेच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे प्रसूत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःचा म्हणून वाढविला, तोच यशवंत. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर ह्या गुजराती न्यायाधीशाने प्रार्थना समाजाच्या मंडळींसह टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम काढला. पंढरपूरच का? कारण विठोबाच्या गर्दीत मूल सोडून देणे सोपे. वारीला येऊन पोटचा गोळा चंद्रभागेच्या वाळवंटात ठेवून परत जाणारी बाई नास्तिक नव्हती. तिला गावात परत जायचे होते, इतकेच. ज्यांनी ते गोळे उचलले, त्यांना त्यांच्या काळच्या सनातन्यांनी ‘बाटगे सुधारक’ म्हटले. आज आपण त्यांच्याच पुण्याईवर हिंदू परंपरेचा गौरव करतो.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण तर सर्वांना तोंडपाठ; निदान त्याचा पूर्वार्ध. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, ते पुण्यास नेले, आणि १८९३ साली तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’ने रान उठविले. रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढले, पालकांनी मुली परत नेल्या. आक्षेप निराधार नव्हता असे माझे मत आहे : धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असे सांगून ज्यांच्याकडून मुली घेतल्या, त्यांना तो शब्द पाळला जावा असे म्हणण्याचा अधिकार होता. परंतु उत्तरार्ध निराळा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली केडगावास आणल्या. १९०० साली, ज्याला गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणतात त्या संवत १९५६ च्या दुष्काळात, त्यांची माणसे गुजरातेत फिरली आणि मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ह्या मुलींचे कोण पालक सदनाच्या दारी आपली मुलगी परत मागायला आले? त्या सदाशिव पेठेतल्या नव्हत्या. त्यांच्या जाती उच्च नव्हत्या, पोटे खपाटीला गेलेली होती, आणि पुष्कळ जणींना रोग होते. त्यांच्यासाठी अग्रलेखाची तेवढी धार कोणी परजली नाही.

त्याच दुष्काळात लाला लजपतराय आणि आर्यसमाजाची मंडळी मात्र हलली. मिशनऱ्यांकडे हिंदू पोरे जातात ह्याचा त्यांना आपल्याइतकाच राग होता. पण त्यांनी रागाचे रूपांतर आगगाडीच्या तिकिटांत केले : माणसे पाठविली, राजपुताना, मध्यप्रांत, काठेवाड येथून मुले गोळा केली आणि पंजाबातल्या आश्रमांत नेऊन वाढविली. ते ‘आमची मुले’ म्हणाले, तेव्हा त्या शब्दांना वजन होते.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयातील लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलाने परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या मुलांच्या व्यापाराविषयी न्यायालयाला पत्र लिहिले. १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी जो निकाल दिला, त्याचा कणा असा की, मूल आधी देशातील कुटुंबाला देऊ करावे. ते मिळाले नाही तरच परदेशी. १९९३ चा हेगचा करार भारताने २००३ साली मान्य केला. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे एकोणसाठावे कलम सांगते की, मूल दत्तकास मोकळे ठरल्यापासून साठ दिवसांत भारतीय वा अनिवासी भारतीय पालक मिळाला नाही, तर ते आंतरदेशीय दत्तकास मोकळे. ह्या कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. शरीराने वा मनाने विकलांग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले ह्यांना परदेशी दत्तकात इतर मुलांहून अग्रक्रम देता येईल, असे ते म्हणते. कायद्याच्या पुस्तकात मी पुष्कळ कठोर कलमे वाचली आहेत. आपल्या समाजाविरुद्ध इतका थंडपणे लिहिलेला निकाल दुसरा वाचलेला नाही. विधिमंडळाने गृहीतच धरले आहे की, ही मुले आपण घेणार नाही.

आणि गृहीत चुकीचे नाही. देशात दत्तकासाठी नाव नोंदवून थांबलेली दांपत्ये तीस हजारांहून अधिक आहेत. वाट पाहायची मुदत तीन वर्षांच्या पुढे गेली आहे. सगळ्यांना हवे असते दोन वर्षांच्या आतले, निरोगी, आणि शक्य तर उजळ मूल. सल्ला घ्यायला आलेले दांपत्य माझ्या टेबलासमोर बसते तेव्हा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. जात कळेल का, जन्मवेळ मिळेल का, हा असतो. ज्या मुलाचा जन्म कोठे झाला हेच कोणाला ठाऊक नाही, त्याची पत्रिका मागणाऱ्यांना काय उत्तर द्यावे? २०१८-१९ साली देशात ३३७४ मुले दत्तक गेली आणि परदेशी ६५३. ह्या दुसऱ्या आकड्यात फाटलेल्या ओठांची, हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी, आठ-नऊ वर्षांची झालेली, लहान भावाचा हात न सोडणारी मुले आहेत. साठ दिवस ती आपलीच होती.

ह्यांना जे घेतात, त्यांतले अनेक जण ख्रिस्ती श्रद्धेने घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनाथ आणि विधवा ह्यांचा समाचार घेणे हाच निर्मळ धर्म, अशी याकोबाच्या पत्राची शिकवण ते लहानपणापासून ऐकत आलेले असतात. दोन-दोन वर्षे कागदपत्रांत जातात. घराची, मिळकतीची, आरोग्याची, नवराबायकोच्या संबंधांची चौकशी परकी माणसे करतात. मग मूल येते, ते कृतज्ञतेने हसत येत नाही. ते उशीखाली पोळीचे तुकडे लपविते. रात्री किंचाळते. आई म्हणविणाऱ्या बाईला चावते, कारण आजवर जे जे आले ते सोडून गेले हा त्याचा अनुभव. शस्त्रक्रिया एक झाली की दुसरी. असल्या घरात श्रद्धा व्यासपीठावरून बोलत नाही. पहाटे तीन वाजता अंथरूण बदलते. सेवाधर्म हा आपला शब्द आहे, पण त्याचा हा अर्थ परक्याने पाळला म्हणून खोटा होत नाही. त्या घरी मूल रविवारी प्रार्थनेला जाईल, त्याचे नाव बदलेल, ते मराठी विसरेल. मला ह्याचे वाईट वाटते. मात्र वाईट वाटण्यालाही काही किंमत मोजावी लागते. ती आपण मोजलेली नाही.

इतके म्हणून झाल्यावर ख्रिस्ती बंधूंनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. श्रद्धा हा हेतू झाला. हेतू म्हणजे परवाना नव्हे. २०१० च्या जानेवारीत हैतीच्या भूकंपानंतर दहा अमेरिकन बॅप्टिस्ट तेहतीस मुले घेऊन सरहद्द ओलांडताना पकडले गेले. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत निघाले. ईश्वराने बोलाविले म्हणून आम्ही आलो, असे म्हणणाऱ्याला आईची संमती विचारायचे भान राहत नाही. १५५९ चा हुकूमही अशाच खात्रीने निघाला होता. १९८९ साली मुंबईतून अमेरिकेस नेलेली एक मुलगी तेथे घरामागून घर बदलत वाढली. तिच्या नागरिकत्वाचा कागद कोणी पुरा केला नाही. पुढे ती गुन्ह्यात सापडली आणि २००८ साली, नवरा व मुले तिकडे असताना, तिला जिची भाषाही तिला येत नव्हती त्या ह्या देशात परत धाडण्यात आले. तिला नेताना कोणी ना कोणी प्रार्थना म्हटलीच असेल. मूल ही साक्ष देण्यासाठी मंचावर उभी करायची वस्तू नव्हे, आणि ‘आम्ही तुला वाचविले’ हे वाक्य मुलाला रोज ऐकवायचे नसते. त्याचे मूळ नाव, सापडल्याची जागा, संस्थेतला कागद हे त्याचे धन आहे. ते जपून त्याच्या हाती द्यावे. पुण्यातून १९७३ साली जर्मनीस गेलेल्या एका मुलाला मोठेपणी आपल्या जन्माची नस्ती पाहण्यासाठी येथल्या न्यायालयांच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवाव्या लागल्या.

तरीही धर्मावरून पालक निवडा, ही मागणी मला मान्य नाही, आणि तिचे कारण व्यवहारातले आहे. धर्म पाहून हात ओळखता येत नाहीत. पुण्याच्या प्रीतमंदिर संस्थेच्या व्यवहारांची २०१० साली केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली, आरोप पैसे उकळल्याचे व कागद बनविल्याचे होते; ती संस्था काही पाद्र्यांची नव्हती. २०१७ साली टेक्सासमध्ये बिहारहून दत्तक गेलेली तीन वर्षांची मुलगी मेली आणि दत्तक बापाला पुढे जन्मठेप झाली. ते दांपत्य ख्रिस्ती होते हे खरे, पण जन्माने भारतीयही होते. गोरेपणा किंवा परकेपणा काढून टाकल्याने ती वाचली नसती. घराची पाहणी नीट झाली असती, दत्तकानंतरचे अहवाल कोणी डोळे उघडून वाचले असते, तर कदाचित वाचली असती. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा हुकूम देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे गेले आहे. गति वाढली, चौकशीची खोली वाढली काय, हा प्रश्न देवस्थानांनी जरूर विचारावा. त्यासाठी सह्या गोळा केल्या तर माझी पहिली.

आपल्या शेजारच्या ख्रिस्ती माणसाचीही एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. वसईतील ख्रिस्ती दांपत्य अनाथ मूल घरी आणी, तेव्हा गोव्याबाहेर त्याला दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९० च्या कायद्याखाली ते फक्त पालक. मूल सज्ञान झाले की नाते कागदावरून संपले. हिंदूंना १९५६ पासून असलेली सोय त्यांना नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेबेलो ह्यांनी, अनाथ मुलाला कुटुंब मिळणे हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, ह्या भूमिकेवरून ख्रिस्ती दांपत्याला दत्तकाची वाट करून दिली. हक्क त्या निकालात दांपत्याच्या आधी मुलाचा आहे. त्या वाटेने न जाता ‘मूल कोणाचे’ असे विचारीत बसलो, तर आपण पुन्हा मालमत्तेच्या भाषेत शिरतो.

तेव्हा जो ठराव सह्यांसाठी फिरविला जाईल, त्याला मी एक उपसूचना देऊ इच्छितो. सही करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावापुढे दोन रकाने भरावे : विकलांग किंवा पाच वर्षांवरील मूल आपण दत्तक अथवा प्रतिपालनास घ्यावयास तयार आहा काय? नसल्यास, घेणाऱ्या हिंदू कुटुंबाच्या शस्त्रक्रियेचा, श्रवणयंत्राचा, शिकविणीचा वर्षाचा खर्च किती उचलाल? देवस्थानच्या विश्वस्तांनी तिसरा रकाना भरावा : परदेशात वाढलेला मुलगा वा मुलगी आपली मुळे शोधीत आली, तर तिचा आताचा धर्म न विचारता तिला भक्तनिवासात खोली मिळेल काय? उपसूचना लेखी दिली आहे. तिला अनुमोदक हवा आहे.